दोन डाव्यांत उजवा कोण?

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला माझी मुलगी राहते. तिच्या सोसायटीत बास्केटबॉलचं अर्धं मैदान आहे. बास्केट एकच, आणि तिची जाळी कायम एका बाजूनं सुटलेली. संध्याकाळी नातू तिथे खेळतो आणि मी बाकावर बसून त्याची पाण्याची बाटली आणि मोबाइल सांभाळतो. परवा अचानक पाऊस आला, तशी सगळी मुलं पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली आणि ओल्या अंगानं भांडायला लागली. विषय होता : योकिच मोठा की एम्बीड?

दोन्ही नावं मला नवी होती. ऐकता ऐकता आणि नंतर थोडं वाचून जुळवाजुळव केली ती अशी. दोघंही अमेरिकेतल्या एनबीएमध्ये खेळतात. दोघंही ‘सेंटर’, म्हणजे बहुधा संघातला सगळ्यांत उंच, बास्केटजवळ ठाण मांडणारा गडी. निकोला योकिच सर्बियाचा, जोएल एम्बीड कॅमेरूनचा. २०१४च्या एकाच निवडीतून दोघं आले. एम्बीड तिसरा निवडला गेला, योकिच एकेचाळिसावा. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान २०२१ आणि २०२२मध्ये योकिचला मिळाला, दोन्ही वेळा एम्बीड दुसरा. २०२३मध्ये उलट झालं. पण त्याच वर्षी योकिचच्या डेन्व्हर संघानं विजेतेपद पटकावलं. २०२४ला मान पुन्हा योकिचकडे. एम्बीडचा गुडघा वारंवार दुखावतो. आता प्रश्न असा की, गुडघा धड असता तर?

नातू योकिचच्या बाजूचा होता. त्याचा एक मित्र एम्बीडसाठी अगदी रडकुंडीला आला होता. मी वडीलकीच्या नात्यानं मध्ये पडलो. म्हटलं, “अरे, दोघंही चांगले असतील. घ्यायचे दोघांना एकाच संघात.”

सगळी हसली. “आजोबा, सेंटर एकच असतो!”

हे वाक्य मी पन्नासेक वर्षांपूर्वी डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत ऐकलेलं आहे. शब्द वेगळे होते, इतकंच.

*

१९७७ साली मी मुंबईला बी. एस्सी. करत होतो. सकाळच्या फास्ट गाडीला अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर जायचो. अण्णा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. गाडीत त्यांचा ग्रुप ठरलेला. एक बँकवाले काका, एक टेलिफोनमधले, एक गिरणीच्या हपिसातले, शिवाय कल्याणहून बसून येणारे आणि डोंबिवलीकरांसाठी रुमाल टाकून जागा धरणारे एक सज्जन. तिघांच्या बाकावर चौघं बसायचे. ‘चौथी सीट’ म्हणजे काय हे मध्य रेल्वेवर प्रवास केलेल्याला सांगायला नको, आणि न केलेल्याला सांगून कळणार नाही. अर्धं अंग बाकावर, अर्धं हवेत.

त्या ग्रुपात दर हिवाळ्यात एक वाद नव्यानं पेटायचा. बिशनसिंग बेदी श्रेष्ठ की पद्माकर शिवलकर? दोघंही डावखुरे फिरकी गोलंदाज. मराठीत ‘उजवा’ म्हणजे सरस. त्यामुळे टेलिफोनमधले काका दरवेळी तोच विनोद करायचे, “बोला, दोन डाव्यांत उजवा कोण?” आणि अण्णा दरवेळी हसायचे.

अण्णा शिवलकरांच्या बाजूचे. बँकवाले काका बेदींच्या. इतर लोक ज्याच्या शेजारी जागा मिळेल त्याच्या बाजूचे.

तरुण वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. शिवलकरांचा जन्म १९४० सालचा. १९६१-६२च्या मोसमात ते पहिला प्रथम श्रेणीचा सामना खेळले, आणि शेवटचा १९८७-८८मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. मुंबईनं १९५८-५९पासून सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला, त्यातल्या पंधराव्या वर्षीचा अंतिम सामना मद्रासला चेपॉकवर होता. मुंबई १५१ आणि ११३. एवढ्या धावांवर एरवी सामना हरायचा. पण शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. तामिळनाडू ८० आणि ६१. असा हा गोलंदाज भारताकडून एकही कसोटी खेळला नाही.

कारण बेदी. जन्म १९४६चा, कसोटीत पदार्पण १९६६च्या शेवटच्या दिवशी ईडन गार्डन्सवर, शेवटची कसोटी १९७९मध्ये. ६७ कसोट्या, २६६ बळी. प्रथम श्रेणीत ३७० सामने आणि १५६० बळी, सरासरी २१.६९. बेदींच्या गोलंदाजीचं वर्णन करताना भले भले लेखक कवी होत. षटकार मारणाऱ्या फलंदाजाला टाळ्या वाजवणारा गोलंदाज म्हणूनही ते लोकांच्या लक्षात राहिले.

बेदींच्या आधी मुंबईतच बापू नाडकर्णी होते. १९६४ साली मद्रासला लागोपाठ एकवीस निर्धाव षटकं टाकणारे तेच. म्हणजे शिवलकर विशीत असताना पुढे नाडकर्णी, आणि सत्ताविशीपासून पुढे बेदी. बेदी थांबले तेव्हा शिवलकर एकोणचाळीस वर्षांचे होते आणि जागा दिलीप दोशींना मिळाली. एवढंच नव्हे. हरयाणाचे राजिंदर गोयल नावाचे तिसरे डावखुरे याच काळात होते : १५७ सामन्यांत ७५० बळी, सरासरी १८.५८. कसोट्या शून्य. १९७४च्या बंगळूर कसोटीत बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळलं, तेव्हा गोयल संघाबरोबर तिथे होते. तरी अकरा जणांत त्यांचं नाव आलं नाही.

अण्णांचा मुद्दा सरासरीचा होता. बँकवाल्या काकांचा मुद्दा असा की, रणजीतल्या पोरांच्या विकेटी आणि चॅपेल-लॉइडच्या विकेटी एका तराजूत कशा तोलायच्या? अण्णा म्हणायचे, संधी दिली असती तर चॅपेलही मिळाला असता. काका म्हणायचे, ‘असता’ला पगार मिळत नाही. इथे अण्णांचा चेहरा उतरायचा. कचेरीत त्यांनी तीन वेगवेगळ्या वेळी हेडक्लार्कची कामचलाऊ जबाबदारी सांभाळली होती. कायमची नेमणूक तिन्ही वेळा दुसऱ्याची झाली. हे काकांना ठाऊक नव्हतं. मलाही बऱ्याच उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं की ते फक्त क्रिकेटबद्दल बोलताहेत.

*

पुढे मी गणिताचा शिक्षक झालो. शब्दाची व्याख्या केल्याशिवाय वाद करायचा नाही, ही आमची सवय. तेव्हा ‘सरस’ या शब्दाकडे मी पुष्कळदा वळलो आणि लक्षात आलं की, त्या डब्यात हा एकच शब्द तीन अर्थांनी वापरला जात होता.

पहिला अर्थ : ज्यानं जास्त करून दाखवलं तो सरस. या अर्थानं वाद उरतच नाही. बेदींनी जगभर जाऊन केलं, शिवलकरांना ते करायला मिळालं नाही. दुसरा अर्थ : ज्याच्या हातात जास्त कसब तो सरस. हे मोजायला दोघांना त्याच खेळपट्टीवर, त्याच फलंदाजांसमोर, त्याच दिवशी चेंडू द्यायला हवा, आणि असे दिवस शेकडो हवेत. तिसरा अर्थ : संधी मिळती तर ज्यानं जास्त केलं असतं तो सरस. अण्णा तिसऱ्या अर्थानं बोलत होते, काका पहिल्या. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. म्हणून तो वाद वर्षानुवर्षं चालू शकला.

बास्केटबॉलमध्येही असंच आहे. त्या खेळातल्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत गाजलेल्या भांडणात दोन सेंटरच होते, विल्ट चेंबरलेन आणि बिल रसेल. १९६१-६२च्या मोसमात चेंबरलेननं सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. २ मार्च १९६२च्या एका सामन्यात एकट्यानं १००. तरी त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू निवडताना खुद्द खेळाडूंनी मत दिलं ते रसेलला. रसेलच्या बॉस्टननं तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं मिळवली, चेंबरलेनच्या वाट्याला सगळी कारकीर्द मिळून दोन. एकानं काय केलं हे आकड्यांत दिसतं. दुसऱ्यामुळे बाकीच्या चौघांना काय करता आलं हे आकड्यांत नीटसं दिसत नाही. इथे चौथाच अर्थ निघाला : ज्याच्या असण्यानं संघ सरस होतो तो सरस.

तर मग सगळं सापेक्ष, ज्याला जे वाटेल ते खरं, असं म्हणून सोडून द्यायचं का? मला ते पटत नाही. प्रश्न नेमका विचारला की उत्तर बहुतेक वेळा मिळतं. ‘चेपॉकच्या त्या वळणाऱ्या खेळपट्टीवर, तिसऱ्या दिवशी, शंभर-सव्वाशे धावा वाचवायच्या आहेत, चेंडू कोणाला द्याल?’ यावर बँकवाले काकाही क्षणभर गप्प बसले असते. ‘इंग्लंडच्या गार हवेत दौरा आहे, तिथे कोण?’ यावर अण्णांना बेदींचं नाव घ्यावं लागलं असतं. तुलना निरर्थक नसते. निरर्थक होतो तो ‘एकूणात’ हा शब्द. एकूणात माणूस कोणाहून सरस असतो, हे मला आजवर सिद्ध करता आलेलं नाही, आणि कोणी सिद्ध केलेलं मी पाहिलेलं नाही.

*

अण्णांच्या बाजूनं इतकं लिहिल्यावर त्यांच्या विरुद्धही लिहायला हवं.

आपल्याकडे हा वाद क्रिकेटच्या फार आधीपासून आहे. कर्ण श्रेष्ठ की अर्जुन? शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली आणि मराठी घरांनी निकाल कर्णाच्या बाजूनं लावून टाकला. आमच्या घरातली प्रत अण्णांनी वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवली होती. इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’ही त्याच वर्षीचं. त्यांनी कर्णाकडे एवढ्या हळवेपणानं पाहिलेलं नाही. ते पुस्तक आमच्याकडे बरंच नंतर, मी विकत आणलं तेव्हा आलं. अण्णांनी कर्णावरचा लेख वाचला, मिटून ठेवला आणि म्हणाले, “बरोबर असेल. पण पटत नाही.”

ज्याला रंगमंडपात उतरू दिलं नाही, त्याच्या बाजूला आपण आपली सगळी कल्पनाशक्ती लावतो. आणि कल्पनाशक्तीत कधी झेल सुटत नाही. १९७८च्या पाकिस्तान दौऱ्यात झहीर अब्बासनं तीन कसोट्यांत ५८३ धावा केल्या आणि आपल्या थोर फिरकीचं युग तिथे जवळजवळ संपलं. बेदी त्या संघाचे कर्णधार होते. तो मार त्यांनी जगासमोर खाल्ला. शिवलकरांना झहीर कधी भेटलाच नाही. अण्णांच्या मनातल्या शिवलकरांची एकही कसोटी वाईट गेली नाही, कारण एकही कसोटी झाली नाही. खेळलेल्या माणसाची न खेळलेल्या माणसाशी तुलना करताना आपण एकाची खरी कारकीर्द आणि दुसऱ्याची स्वप्नातली कारकीर्द शेजारी शेजारी ठेवतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय देण्याच्या भरात, जो उभा राहिला आणि ज्यानं मार खाल्ला, त्याच्यावर आपण अन्याय करतो.

दुसरंही एक. अण्णा ‘अन्याय’ म्हणायचे, त्याला खरं तर ‘दैव’ म्हणायला हवं होतं. शिवलकरांना ते कळलं असावं. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘हा चेंडू दैवगतीचा’ असं आहे. त्याच काळात तितकाच मोठा, किंवा थोडा मोठा म्हणा, दुसरा डावखुरा जन्माला आला, यात दुष्टपणा कोणाचा नाही.

फरक समजायला आणखी एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची गोष्ट आठवावी. पळवणकर बाळू. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या भारतीय संघातून त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण ते चांभार समाजातले. चेंडू त्यांनी हातात घेतलेला चालायचा, चहा मात्र वेगळ्या भांड्यातून. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळालं नाही. १९२३मध्ये ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, आणि तेही भांडल्यावर. बाळूंच्या वाटेत त्यांच्याहून सरस कोणी उभा नव्हता. उभी होती ती जात. त्याला दैव म्हणणं हा अपराध आहे. आणि शिवलकरांच्या बाबतीत जे झालं त्याला बाळूंच्या रांगेत बसवणं हाही बाळूंचा अपमानच.

तेव्हा निवड न झालेल्या माणसाकडे पाहताना पहिला प्रश्न ‘तो सरस होता का?’ हा नसावा. ‘त्याच्या वाटेत काय होतं? माणूस की भिंत?’ हा असावा. भिंत असेल तर ती पाडायची. माणूस असेल तर काय करायचं, हे मला फार उशिरा आणि चुकीच्या रीतीनं कळलं.

*

कल्याणच्या ज्या शाळेत मी शिकवत होतो, तिथे १९९४ साली गणिताच्या एका कायम पदाला मंजुरी आली. तासिकांवर दोन तरुण बाई तीन वर्षं काम करत होत्या. एकींची भूमिती अशी की, फळ्यावर हातानं काढलेलं वर्तुळ कंपासनं काढल्यासारखं यायचं, आणि हुशार मुलं त्यांच्या तासाला खिडकीबाहेर बघायची नाहीत. दुसऱ्या बाई तुकडी ‘ड’ला शिकवायच्या. ज्या मुलांना पाढे येत नव्हते त्यांना त्यांनी दहावीत पासापुरतं बीजगणित शिकवलं होतं, तेही कोणाचा आवाज न चढवता. मुख्याध्यापकांनी ज्येष्ठ म्हणून माझं मत विचारलं. मी दोन रात्री विचार केला आणि भूमितीच्या बाईंचं नाव दिलं. शाळेला तेव्हा वरच्या निकालाची गरज होती. कारण खरं होतं आणि मी आजही त्या निवडीला चूक म्हणणार नाही.

चूक पुढे झाली. दुसऱ्या बाई स्टाफरूममध्ये एकट्या बसल्या होत्या. मला त्यांच्यासमोरून जायचं होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, “वाईट वाटून घेऊ नका बाई. त्या थोड्या सरस ठरल्या, इतकंच.”

त्यांनी मान वर केली. “कशात, सर?”

मी शिक्षक माणूस. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय. मला उत्तर देता आलं नाही. ‘एकूणात’ असं काहीतरी पुटपुटलो असेन. जूनमध्ये त्या आल्या नाहीत.

मी असं का म्हणालो, याचा नंतर पुष्कळ विचार केला. माझ्यासमोर दोन चांगल्या शिक्षिका होत्या आणि जागा एक होती. हे जसंच्या तसं पत्करणं अवघड असतं, कारण त्यात आपल्या हातून कोणाचं तरी नुकसान होणार हे उघड दिसतं. ‘ती सरस होती’ म्हटलं की निवड आपण केलीच नाही, वस्तुस्थितीनं केली, असं होतं. मन हलकं होतं. त्या हलकेपणाची किंमत दुसऱ्या माणसानं चुकती करायची असते. जागा न मिळणं हे एक नुकसान. त्यावर आपण कमी प्रतीचे आहोत ही समजूत घेऊन घरी जाणं, हे दुसरं. पहिलं मला टाळता येत नव्हतं. दुसरं मी फुकट दिलं.

मला वाटतं, आपल्या बहुतेक ‘सरस कोण’ निकालांची जात हीच आहे. आधी निवड होते, ती जागेच्या टंचाईतून होते, आणि मग ती योग्य होती हे पटवण्यासाठी श्रेष्ठत्व मागाहून शोधलं जातं. निवडलेल्याला पुढे संधी मिळत जाते, संधीतून आकडे तयार होतात आणि दहा वर्षांनी ते आकडे दाखवून आपण म्हणतो, बघा, सांगितलं नव्हतं? बेदी निवडीला पूर्ण लायक होते. पण शिवलकर नालायक होते असं त्यातून निघत नाही, अगदी कणभरही निघत नाही. पहिल्या वाक्यावरून आपण दुसऱ्यावर उडी मारतो, ती उडी तर्कातली नसून सोयीतली असते.

सुनील गावसकरांचं मला म्हणून विशेष वाटतं. त्यांच्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात त्यांना आदर्श वाटलेल्या खेळाडूंवर लेख आहेत, आणि जगभरच्या दिग्गजांच्या त्या मांडवात त्यांनी गोयल आणि शिवलकर या कसोटी न खेळलेल्या दोघांनाही मानानं बसवलं आहे. मार्च २०२५मध्ये शिवलकर गेले, तेव्हाही गावसकरांनी सांगितलं की, कर्णधार असताना निवड समितीला त्यांचं नाव पटवून देता आलं नाही याची आपल्याला खंत आहे. आता यात बेदींना कमी लेखणं नाही, शिवलकर सरस होते असा दावाही नाही. हातून राहिलं, एवढंच कबूल करणं आहे. निवडणाऱ्याच्या तोंडी मला हेच शोभतं असं वाटतं.

*

त्या दुसऱ्या बाई मला सुमारे पंधरा वर्षांनी भेटल्या. दिवाळीची पहाट, डोंबिवलीचा फडके रोड. नव्या कपड्यांतली तरुण मुलंमुली गणपतीच्या देवळापासून पार टोकापर्यंत लोटलेली. गर्दीत कोणीतरी “सर” म्हणून हाक मारली. बाईंचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्या घरी शिकवण्या घेत होत्या, नववी-दहावीच्या, नापास झालेल्या मुलांच्या मुख्यत्वे. चांगलं चाललं होतं असं म्हणवत नाही, वाईटही नव्हतं. त्यांना पेन्शन असणार नव्हती, मला असणार होती. हा फरक आमच्या दोघांमध्ये त्या गर्दीत उभा होता.

मी धीर करून तो विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं.

त्या हसल्या. म्हणाल्या, “सर, जागा एकच होती हे मला माहीत होतं की. तेवढंच म्हणाला असतात तरी चाललं असतं.”

यापुढे मला या विषयावर कोणत्याही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकानं अधिक काही शिकवलेलं नाही.

*

तर मग वाद घालायचेच नाहीत का? घालावेत. अण्णांच्या ग्रुपातला तो वाद कधी मिटला नाही हे चांगलंच झालं. शिवलकर भारताकडून खेळले नाहीत, पण डोंबिवली ते व्ही. टी. या मार्गावर ते वर्षानुवर्षं रोज सकाळी खेळले. वाद मिटला असता, बेदीच श्रेष्ठ असं एकमतानं ठरलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून शिवलकरांचं नाव कोणी काढलं नसतं. न निवडलेल्या माणसाला आठवणीत जागा ठेवायची असेल, तर हरणारी बाजू घेऊन भांडणारं कोणीतरी गाडीत असावं लागतं. मात्र भांडणाऱ्यानं मनाशी ओळखून असावं की, आपण निकाल लावायला बसलेलो नाही.

त्याच ग्रुपाचा एक नियम होता. त्याचा या वादाशी संबंध आहे हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. ठाणं आलं की बसलेले उठायचे आणि उभे असलेले बसायचे. कोण वयानं मोठा, कोणाचा पगार जास्त, कोण रात्रपाळी करून आला, याची चर्चा नसायची. जागा चार, माणसं नऊ. मग ठाण्याला उठायचं. ज्या बाकावर ‘उजवा कोण’ यावर आवाज चढायचे, त्याच बाकावर बसायला कोण अधिक लायक, हा प्रश्न कोणी कधी काढला नाही.

प्रत्येक ठिकाणी असं करता येत नाही, हे मला कळतं. कसोटी संघात ठाणं येत नसतं. शाळेतलं कायम पद अर्ध्या वाटेत दुसऱ्याला देता येत नाही. पण जिथे करता येतं, तिथेही आपण करत नाही आणि वर ‘सरस’ हा शब्द वापरून मोकळे होतो.

परवा पाऊस थांबल्यावर मुलं पुन्हा खेळायला गेली. तीन विरुद्ध तीन. सातवा मुलगा उरला, तोच एम्बीडवाला. तो माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला. थोड्या वेळानं खाली बघतच म्हणाला, “आजोबा, मी वाईट खेळतो म्हणून मला बाहेर ठेवलं का?”

“नाही रे,” मी म्हटलं. “जागा सहाच आहेत.”

त्यानं हे जरा तोलून पाहिलं. मग विचारलं, “मग माझा नंबर कधी?”

मी नातवाच्या मोबाइलमध्ये किती वाजले ते बघितलं, उठलो आणि मैदानाच्या कडेला जाऊन ओरडलो, “दहा मिनिटं झाली रे. एकानं बाहेर या.”